"दादा, एफडीसारखंच आहे हे" : अमेरिकेतून परत आल्यावर आम्हाला कसा चुना लागला

दहा लाख पंचेचाळीस हजार. हा आकडा मी स्वतःच्या हाताने चेकवर लिहिलाय, आणि लिहिताना विचारलंही होतं की वरचे पंचेचाळीस हजार कसले. "दादा ते सरकारचं, जीएसटी, त्याला कोण काय करणार" असं उत्तर आलं आणि मी मान डोलावून सही केली. एफडीवर जीएसटी कुठे असतो हा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, तो पडला एक वर्षाने, रात्री दीड वाजता, आणि मग सकाळपर्यंत डोळ्याला डोळा नाही.

लिहायची लाज वाटतेच. मी आयटीवाला, तेरा वर्षं अमेरिकेत काढली, ऑफिसात नवीन पोरांना फिशिंगचे मेल कसे ओळखायचे याचं ट्रेनिंग मीच द्यायचो. पण मागच्या दोन महिन्यांत ओळखीतली तीन घरं परत येतायत आणि तिघांनीही विचारलं की पैशाचं कोणाला विचारायचं, कोणी चांगला माणूस आहे का. तिघांना फोनवर हीच कहाणी सांगून झाली, म्हटलं आता एकदा लिहूनच काढू.

आम्ही जुलै २०२३ मध्ये परत आलो. ग्रीन कार्डची रांग काही हलेना, आई गेल्यानंतर बाबा पुण्यात एकटे, मुलगी नऊ वर्षांची, म्हटलं आत्ता नाही तर कधीच नाही. तिकडचं घर विकलं, सगळं देऊन घेऊन जे उरलं ते ऑगस्टमध्ये इकडच्या एनआरई खात्यात, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं रुपयातलं खातं असतं त्यात, पाठवलं. बरीच रक्कम होती. पैसे जमा झाले मंगळवारी, आणि बुधवारी सकाळी सव्वादहाला फोन, "सर मी तुमचा रिलेशनशिप मॅनेजर बोलतोय, वेलकम होम". तेरा वर्षांत त्या बँकेतून मला एकदाही कोणी फोन केला नव्हता बरं का. मला वाटलं वा, काय सर्व्हिस सुधारलीये आपल्याकडे.

पोरगा तिशीचा, बोलायला एकदम गोड. पहिल्या दिवशी सर, दुसऱ्या दिवशी दादा, बायकोला वहिनी. घरी आला की आधी बाबांच्या पाया पडायचा. बाबांच्या लॉकरला आईच्या नावाचं नॉमिनेशन तसंच पडलेलं होतं, ते बदलायला बाबा दोनदा बँकेत जाऊन हात हलवत परत आले होते, ह्याने घरी फॉर्म आणून एका दिवसात करून दिलं. बाबांचा १५एच, म्हणजे व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म, भरून दिला. माझ्या आधार-पॅनचा काहीतरी घोळ होता त्यात पण मदत केली. परत आल्यावर पहिले तीन महिने माणूस नुसता रांगांमध्ये असतो, शाळेची अ‍ॅडमिशन, गॅसचं कनेक्शन, भाड्याच्या घराचं अ‍ॅग्रीमेंट, आणि त्यात एक माणूस असा भेटला की जो फोन केल्यावर उचलतो, तर तो देवमाणूसच वाटतो. बाबा म्हणाले, पोरगा चांगल्या घरातला दिसतोय. झालं.

त्याच्या कार्डावर "एनआरआय वेल्थ" असं काहीतरी भारदस्त लिहिलेलं होतं. मी एकदाही विचारलं नाही की बाबा रे तू आमच्याकडे चार वेळा येतोस, दोन-दोन तास बसतोस, आमच्याकडून एक रुपया घेत नाहीस, मग तुझं घर कशावर चालतं? अख्ख्या प्रकरणात एवढा एकच प्रश्न विचारायचा राहिला.

सप्टेंबरमध्ये तो प्लॅन घेऊन आला. डायनिंग टेबलवर रंगीत प्रिंट पसरली, हिरव्या पेनाने एका आकड्याभोवती गोल केला. "दादा हे तुम्हाला मिळणार, गॅरंटीड, टॅक्स फ्री, एफडीसारखंच आहे पण एफडीला टॅक्स लागतो ना." मी विचारलं किती वर्षं? म्हणाला "हे बघा इथे लिहिलंय, पीपीटी दहा, पीटी वीस, म्हणजे दहा वर्षांनी पैसे सुरू होतात आणि वीस वर्षांनी सगळे मिळतात." बायको म्हणाली एकदाच भरायचे ना? "वहिनी एकदाच." दहा लाख माझ्या नावावर, सहा लाख तिच्या. एवढी रक्कम पडून होती की सोळा लाख म्हणजे टेस्ट म्हणून टाकून बघू असं आम्हाला वाटलं, आणि मला वाटतं त्याला पण हे माहिती होतं की परत आलेल्या माणसाला पहिले काही महिने रुपयातले आकडे नीट कळत नाहीत, मनात ऐंशीने भागतो आणि वीस हजार डॉलर म्हणून सोडून देतो.

आता तो कागद काय होता ते सांगतो. पीपीटी म्हणजे प्रीमियम पेइंग टर्म, म्हणजे दहा वर्षं दरवर्षी दहा लाख भरायचे, आणि पीटी म्हणजे पॉलिसीची एकूण मुदत. एक कोटी. आणि तिचे साठ लाख वेगळे. ती आयुर्विमा पॉलिसी होती, बोनसवाली, आणि असल्या पॉलिसीच्या तक्त्यात दोन कॉलम असतात, एक वर्षाला ४ टक्के धरून आणि एक ८ टक्के धरून. हे दोन्ही दर नुसते समजवायला धरलेले असतात, कंपनी त्याची कसलीही हमी देत नाही, हमीचा भाग वेगळा आणि बराच लहान. हिरवा गोल होता ८ टक्केवाल्या कॉलममधल्या सगळ्यात खालच्या आकड्यावर. त्याच्याच खाली बारीक अक्षरात हमी नाही असं लिहिलेलंही होतं, मी ते नंतर मोबाईलवर झूम करून वाचलं. आणि टॅक्स फ्रीचं म्हणाल तर १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या असल्या पॉलिसींचा वर्षाचा प्रीमियम एकूण ५ लाखांच्या वर गेला की मुदतीअंती मिळणाऱ्या पैशांची ती सवलत जाते, म्हणजे आम्ही सही केली तेव्हा हा नियम पाच महिने जुना झाला होता. त्याला माहिती नसेल असं मला तरी वाटत नाही.

सही केल्यावर म्हणाला कंपनीकडून व्हेरिफिकेशन कॉल येईल, फॉर्मॅलिटी असते, सगळ्याला हो म्हणा, नाही म्हटलं की फाईल अडकते आणि पुन्हा सगळे कागद द्यावे लागतात. कॉल आला तेव्हा मी मुलीला शाळेतून आणत होतो, गाडी चालवत. एका हाताने स्पीकर चालू केला आणि हो हो करत गेलो.

पॉलिसीची कागदपत्रं पोस्टाने गेली आमच्या तात्पुरत्या भाड्याच्या घरी. आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते घर सोडणार हे त्याला माहिती होतं, टेम्पोवाल्याचा नंबर त्यानेच दिला होता. ईमेल आला नाही कारण फॉर्मवर माझ्या ईमेलमध्ये एक अक्षर जास्त होतं. मुद्दाम की चुकून हे मी सिद्ध करू शकत नाही, सोडा. पण त्यामुळे झालं काय की फ्री लूकची मुदत निघून गेली. पॉलिसी हातात पडल्यापासून ठराविक दिवसांत ती नको म्हणून परत करता येते, किरकोळ कापून पैसे मिळतात. तेव्हा हे पंधरा दिवस होते, इलेक्ट्रॉनिक पॉलिसीला तीस, २०२४ पासून सगळ्यांनाच तीस केलेत. आमच्या वेळी कागदच हातात नाही तर परत काय करणार, डोंबल.

मग एक वर्ष छान गेलं. त्याचे दिवाळीचे मेसेज, बाबांच्या वाढदिवसाला केक. अधूनमधून तो ४०१के, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीतली रिटायरमेंटची बचत, मोडून इकडे आणा म्हणून मागे लागायचा, "तिकडे कशाला पडून ठेवताय दादा, इंडिया ग्रोथ स्टोरी आहे". इथे मात्र बायको आडवी आली. साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी काढलं तर दहा टक्के पेनल्टी वर टॅक्स, तिला तेवढं पक्कं माहिती होतं, म्हणाली मला पटत नाही, नाही म्हणजे नाही. ते वाचलं, फक्त तिच्यामुळे.

ऑगस्ट २०२४ मध्ये माझ्या फोनवर मेसेज आला, आपला रिन्युअल प्रीमियम अमुक तारखेला देय आहे, दहा लाख बावीस हजार पाचशे. मला आधी वाटलं हाच फ्रॉड मेसेज आहे! ट्रेनिंग देणारा माणूस ना मी, लिंक क्लिक केली नाही, ब्लॉक केलं. दुसरा आला. मग कस्टमर केअरला फोन लावला तर तिकडची मुलगी शांतपणे म्हणाली सर तुमची दहा वर्षांची प्रीमियम टर्म आहे, हा दुसरा हप्ता. मी तिला म्हटलं अहो मॅडम ते सिंगल होतं, ती म्हणाली नाही सर. बायको किचनमधून बघत होती माझ्या तोंडाकडे.

ह्याला फोन केला. "दादा मी आता दुसऱ्या बँकेत आलोय, पण तुमचं काम करून देतो ना, टेन्शन नका घेऊ, दुसरा हप्ता भरून टाका मग सरेंडर करता येतं, पैसे मिळतात." हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ह्यावर मी अजून एकदा फसणार होतो. जुन्या प्रकारच्या पॉलिसीत पहिल्या वर्षाचाच हप्ता भरून सोडलं तर हातात काहीही येत नाही, दोन हप्ते भरल्यावर सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडली तर परत मिळणारी रक्कम, सुरू होते, इथपर्यंत तो खरं बोलला. पण ती हमीची व्हॅल्यू किती, तर दुसऱ्या वर्षी भरलेल्या प्रीमियमच्या ३० टक्के. म्हणजे नाही भरलं तर दहा लाख गेले. भरलं तर वीस भरून सहा परत, चौदा गेले. आधीच्या दहा लाखांचा गळ लावून आणखी चार लाख काढायचे. बायकोने हे वहीच्या मागच्या पानावर मांडून माझ्यासमोर ठेवलं तेव्हा मी ॲप उघडून पैसे भरायच्या बेतात होतो. (आता ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या पॉलिसींना पहिल्या वर्षानंतरही काहीतरी सरेंडर व्हॅल्यू द्यावी लागते. आमची त्याआधीची.)

तक्रार केली. आधी बँकेकडे, बँक म्हणाली आम्ही फक्त कॉर्पोरेट एजंट आहोत, कंपनीशी बोला. कंपनीच्या ग्रिव्हन्सला लिहिलं, त्यांचं उत्तर, ग्राहकाने व्हेरिफिकेशन कॉलमध्ये सर्व अटी मान्य केल्या आहेत. मी रेकॉर्डिंग मागितलं.

ते रेकॉर्डिंग आम्ही दोघांनी रात्री मुलगी झोपल्यावर ऐकलं. इंडिकेटरचा टिक टिक आवाज येतो, मागे मुलगी विचारतेय बाबा आपण आज पोहायला जाणार का, आणि ती कॉलवाली बाई एकदम स्पष्ट, हळू, समजेल अशा मराठीत विचारतेय, "सर आपल्याला माहिती आहे ना की हा प्रीमियम आपल्याला दहा वर्षं दरवर्षी भरायचा आहे?" आणि माझाच आवाज, "हो हो, येस". पुढे, "हे फिक्स्ड डिपॉझिट नाही हे आपल्याला सांगितलं आहे ना?" "हो". पुढे, "बोनसची हमी नाही". "हो, बरोबर". मग मी मुलीला म्हणतो अगं हो जाऊया थांब. एवढंच. दोन मिनिटं चाळीस सेकंद. त्या बाईची काही चूक नाही, तिने सगळं विचारलं होतं.

मग बायकोचं रेकॉर्डिंग लावलं. आणि ती ताडकन उठून उभी राहिली. आवाज तिचा नव्हताच! कोणीतरी दुसरीच बाई, जन्मतारीख विचारली तर पटकन बरोबर सांगते, हो हो करते, थँक्यू म्हणते. फॉर्मवरचा मोबाईल नंबर काढून बघितला तर तोही हिचा नाही. हिला कधी कॉल आलाच नव्हता आणि आम्हाला वर्षभर हे लक्षातही आलं नाही, कारण माझा आला म्हणजे दोघांचा झाला असं आम्ही धरून चाललो होतो.

हे लिहून पाठवल्यावर कंपनीने हिचे सहा लाख सत्तावीस हजार महिन्याभरात परत केले, व्याज नाही, माफी नाही, पण पैसे आले. माझी केस विमा नियामकाच्या तक्रारींसाठीच्या विमा भरोसा पोर्टलवर टाकली, तिथूनही तेच उत्तर, मग विमा लोकपालांकडे. हे माहिती असू दे, लोकपालांकडे फी लागत नाही, वकील चालत नाही, आपलं आपणच बोलायचं, कंपनीने नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. सुनावणी व्हिडिओवर झाली. मला नीट बोलू दिलं, हिरव्या गोलाचा कागद मी कॅमेऱ्यासमोर धरला. पण त्या कागदावर माझी सही, कॉलवर माझा आवाज. तक्रार फेटाळली. राग आला, पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही बहुतेक तेच केलं असतं.

एक दुसरी भानगड वेगळीच निघाली, आणि खरं सांगायचं तर परत येणाऱ्यांसाठी ती जास्त महत्त्वाची आहे. ह्या पठ्ठ्याने सांगितलं होतं की एनआरई खातं तसंच राहू द्या, व्याज टॅक्स फ्री आहे, कोण विचारतंय. फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या हिशेबाने कायमचा राहायला म्हणून माणूस परत आला की तो लगेच रेसिडेंट धरतात, आयकराचे दिवस मोजायचे ते वेगळं प्रकरण. परत आल्यावर बँकेला कळवून एनआरई खातं साधं रेसिडेंट करून घ्यायचं किंवा पैसे आरएफसी, म्हणजे परत आलेल्यांच्या परकीय चलनातल्या खात्यात न्यायचे, आणि तेव्हापासून एनआरईच्या व्याजाची करमाफी बंद. आम्ही पहिल्या वर्षीच्या रिटर्नमध्ये ते सगळं व्याज करमुक्त दाखवलं होतं. सीएने कपाळाला हात लावला. सुधारित रिटर्न, टॅक्स, वर व्याज. आणि आरएफसी म्हणजे डॉलर डॉलरमध्येच ठेवता येतात, आरएनओआर, म्हणजे आयकराच्या हिशेबाने रहिवासी पण अजून पूर्ण नाही, असेपर्यंत, म्हणजे आमच्यासारख्यांना साधारण दोन, कधी तीन वर्षं, त्याच्या व्याजावर इथे टॅक्स नाही. हे खातं त्याच्याच बँकेत होतं! त्याने नाव काढलं नाही. काढलं असतं तर पैसे निवांत डॉलरमध्ये बसले असते आणि पॉलिसी कोणाला विकली असती?

मग नीट सल्लागार शोधायला लागलो, दुधाने तोंड पोळलेला माणूस. तेव्हा कळलं की सल्ला देणारा आणि विकणारा हे कायद्याने वेगळे प्राणी आहेत. सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदलेला गुंतवणूक सल्लागार असेल तर त्याचा नंबर आयएनए ह्या अक्षरांनी सुरू होतो, सेबीच्या साईटवर नाव टाकलं की दिसतो, तो फी आपल्याकडून घेतो आणि आपल्याला विकलेल्या गोष्टीवर कमिशन खाऊ शकत नाही. नंबर एआरएनने सुरू होत असेल तर तो म्युच्युअल फंडाचा वितरक, त्याचं पोट कमिशनवर. ह्यात वितरक वाईट असं नाही, माझा चुलतभाऊच आहे, सरळ माणूस आहे, पण तो विचारलं की तोंडावर सांगतो मी विकतो म्हणून. एकजण भेटला, पाटीवर ठळक "सेबी रजिस्टर्ड ॲडव्हायझर", नंबर मागितला तर एआरएन काढून दाखवला. म्हटलं हा तर वितरकाचा. "सर एकच असतं ते." चहा अर्धा ठेवून उठलो. दुसरा खरा आयएनएवाला होता पण बोलताबोलता म्हणाला टर्म इन्शुरन्स माझ्या मिसेसकडून घ्या, तिची एजन्सी आहे. तिथूनही उठलो.

जी मिळाली ती एक बाई आहे, फी वर्षाला ठरलेली, पहिल्या दिवशीच लेखी करार, बिल. (सेबीने ठरलेल्या फीला वर्षाला एका कुटुंबामागे १,५१,००० ची कमाल मर्यादा घातलीये, ह्याच्या वर कोणी मागितलं तर तिथेच ओळखा.) पहिल्या दीड तासात तिने एकही प्रॉडक्ट सुचवलं नाही, नुसते प्रश्न. इथे नक्की राहणार का, की मुलगी कॉलेजला गेली की परत? ४०१केचं काय, त्याच्यावरचा इथला टॅक्स पैसे काढताना लागावा म्हणून आयकराच्या ८९ए खाली फॉर्म १०-ईई भरणार का? तुमच्यापैकी कोणाकडे ग्रीन कार्ड, सिटिझनशिप आहे का, कारण असेल तर इथले म्युच्युअल फंड अमेरिकेच्या टॅक्समध्ये डोक्याला ताप होतात. आमच्याकडे नव्हतं, पण त्या पोराने वर्षभरात हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता आणि ह्या बाईने विसाव्या मिनिटाला विचारला. शेवटी म्हणाली सहा महिने पैसे आहेत तिथेच राहू द्या, काही करू नका. फी देऊन "काही करू नका" ऐकायला पहिल्यांदा विचित्र वाटलं, बाबांना तर अजून वाटतं. ते म्हणतात ह्या बाई घरी पण येत नाहीत कधी.

माझी पॉलिसी लॅप्स झालीये, म्हणजे हप्ता न भरल्याने बंद पडलीये. पहिला न भरलेला हप्ता धरून पाच वर्षं ती पुन्हा चालू करता येते, म्हणून दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला मेसेज येतो, आपलं संरक्षण पुन्हा सुरू करा, खाली थकबाकीचा आकडा, व्याजासकट, दर वेळी जरा मोठा. आधी मी लगेच डिलीट करायचो. आता बायकोने सांगितलंय ठेव, असू दे फोनमध्ये.